सुईच्या दुप्पट

अकोटा पुलावर अण्णा दुसऱ्याच गिअरात,
काटा चाळीसवर,
आणि आठशेचं ते छोटं इंजिन गळा फाडून ओरडत होतं.
शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढून बघत राहिला.
अण्णा खुशीत. म्हणाले,
"एकतीस वर्षांची झाली, पण कशी मुरलीय बघ.
आवाज म्हणून नाही."

मकरपुऱ्याच्या प्रेस शॉपनं त्यांचे कान
वरच्या पट्टीकडून कुरतडत आणले.
आधी चमच्याची किणकिण गेली,
मग कुकरची शिट्टी,
मग माझ्या नावातला स.
कानातलं यंत्र औषधांच्या खणात आहे,
पावतीसकट.

जशुभाईंनी काउंटरवर टॅकोमीटर ठेवला.
पाठीवर नखाएवढा स्विच: चार, सहा, आठ.
आमची तर तीन सिलिंडरची, मी म्हटलं.
"त्रण वाळुं नथी आवतुं, बेन.
छ पर राखो, ने डबल वांचो."
सहावर ठेवायचं आणि दुप्पट वाचायचं.
हे मला जमतं.
अण्णा "जरासं दुखतंय" म्हणाले
की डॉक्टरांना मी असंच सांगते.

रविवारी, दांडिया बाजारच्या आमच्या गल्लीत,
आधी बॅटरीची काळी तार सोडली.
वरून शिर्केकाकू: "काय गं, विकताय का?"
मीटरवरचं झाकण, दोन स्क्रू,
स्पीडोमीटरची केबल दाबून ओढली,
आणि अख्खी पाटी हातात आली.
मागे अण्णांचं अक्षर.

प्रत्येक तारेला कापडी चिकटपट्टीचं निशाण,
त्यावर शिसपेन्सिलीनं:
डावा इंडिकेटर.
हॉर्न, जरा सैल.
पिवळीला हात लावू नये.
केव्हा लिहिलं असेल?
तेव्हा ते गॅलरीत दाढी करता करता
खाली कुणाची गाडी एका सिलिंडरवर चुकतेय ते सांगायचे,
आणि साबण पुसून खाली उतरायचे.

पिवळीला मी हात लावला नाही.
लाल इग्निशनला दिली. पांढरी मीटरच्या दिव्याला,
रात्री अंक दिसावेत म्हणून.
काळी बॉडीला आवळली.
हिरवी रबरी बुचातून पलीकडे, बॉनेटखाली,
कॉइलच्या उणे टोकापर्यंत.
करंट तुटला की ठिणगी पडते;
तिथे जाऊन, किती वेळा तुटतोय,
हे हिरवीनं मोजत बसायचं.

चावी फिरवली. इंजिन चालू.
सुई शून्यावर, ढिम्म.
पुन्हा सगळं उघडलं. टेस्टरचा बल्ब इथे लावला, तिथे लावला.
लाल ठीक. हिरवी ठीक.
घाम डोळ्यांत.

अण्णा चहाचा कप घेऊन आले, वाकून बघितलं,
कप टपावर ठेवला.
काळीचा स्क्रू सोडला,
घराच्या किल्लीनं खालचा रंग
रुपयाएवढा खरवडला, पत्रा चमकेपर्यंत,
आणि पुन्हा आवळला.
काही बोलले नाहीत.
रंगावर अर्थिंग बसत नाही, हे त्यांनीच मला
आठवीत असताना शिकवलं होतं.

सुई थरथरली. साडेचारशे.
"म्हणजे नऊशे," मी बोटांनी दाखवलं. "दुप्पट."
"एवढं कळतं मला," ते म्हणाले.

संध्याकाळी काळ्या घोड्याच्या सर्कलपर्यंत गेलो.
पंधराशेला सुई आली आणि त्यांनी तिसरा टाकला,
पुन्हा पंधराशे, चौथा.
इंजिन शहाण्यासारखं.
मागून एकही हॉर्न नाही,
म्हणजे वाजला असता तर मला ऐकू आला असता.

विश्वामित्रीच्या पुलावर माझ्या ध्यानात आलं,
अण्णा ओठ मिटून गुणगुणतायत.
गाणं नव्हतं. सुई चढली की स्वर चढत होता,
क्लच दाबला की खाली येत होता.
सुईकडे बघून ते आठवणीतलं इंजिन
वाजवत होते.

खऱ्या इंजिनाहून अर्धा सूर खाली.
मी काच वर घेतली.